चढ आणि छेद

दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा धडा आला की आमच्या अभ्यासिकेतली निम्मी मुले माना खाली घालतात. आम्ही पडलो बी.कॉम.वाले कारकून. आमचे गणित खतावणीतले. पण शिकवायला दुसरे कोणी नाही, म्हणून रविवारी खडू हाती घेतो.

गेल्या महिन्यात एक मुलगी चाचणीचा पेपर घेऊन आली. 3क्ष + 2य = 12 या रेषेचा चढ तिने 3 लिहिला होता, आणि उभ्या अक्षावरचा छेद 12. बाईंनी दोन्हींवर फुली मारली, कारण मात्र सांगितले नाही. वर्गात साठ पोरे. बाईंनाही दोष काय द्यायचा!

चूक एवढीच, की ‘य’ एकटा नव्हता. आधी त्याला डावीकडे एकटा उभा करावा लागतो. 2य = –3क्ष + 12. मग सगळ्याला 2 ने भागायचे : य = –(3/2)क्ष + 6. आता क्षच्या पाठीशी जो आकडा, चिन्हासकट, तो चढ. आणि जो सुटा राहिला तो छेद. म्हणजे चढ उणे दीड, छेद 6. ताळा पाहा. क्ष शून्य धरला की य 6 येतो. क्ष 2 धरला तर 3. दोन घरे उजवीकडे गेलो आणि तीन घरे खाली उतरलो. उणे चिन्ह ते हेच, उतार! पुष्कळ मुले हे चिन्हच गिळतात.

मुलीने मान डोलावली, पण तिला पटले नव्हते. तेवढ्यात तिची आई न्यायला आली. घरी दहा हजारांची नड होती. एक जण महिना शेकडा 2 ने देत होता, पण आधी तीनशे रुपये फी. दुसऱ्याची फी नाही, व्याज शेकडा 3. मुद्दल दोघांनाही शेवटी एकरकमी परत करायचे. “भाऊ, फी नाही म्हणतो तोच बरा ना?”

आम्ही मुलीच्या हाती खडू दिला. महिने क्ष, मुद्दलावर जाणारा खर्च य. तिने लिहिले : य = 200क्ष + 300 आणि य = 300क्ष. “काका, हे तीनशे म्हणजे छेद. महिना सुरू व्हायच्या आधीच गेलेले!” मग चढ कोणता, हे आम्हाला विचारावेच लागले नाही. दुसऱ्या रेषेचा छेद शून्य, पण ती जास्त उभी चढते.

वर्षभरात पहिल्याचा खर्च 2700, दुसऱ्याचा 3600. नऊशे रुपयांचा फरक! आई फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि लवकर फेडले तर?” मुलीने 3 घालून पाहिले. दोन्हीकडे 900. दोन महिन्यांत फेडले, तर मात्र बिनफीवाला शंभराने स्वस्त : 700 विरुद्ध 600.

“दोन महिन्यांत कुठले फेडतेय मी,” आई म्हणाली, आणि फीचे तीनशे कुठून काढायचे याचा हिशेब दोघी दारापर्यंत करत गेल्या.

पुढच्या रविवारी क्ष = 4 ही उभी रेषा घेणार आहोत. तिचा चढ सांगताच येत नाही.