मोहोळ तोडूं नये, बोलवावें

मधमाश्या पाळाव्या असें पुष्कळ बागाईतदारांस वाटतें. परंतु पहिल्या माश्या आणाव्या कोठून, या प्रश्नापाशींच त्यांचें पाऊल अडतें. मग कोणी परगांवाहून भरलेली पेटी विकत आणतो, तर कोणी रानांतील ढोली कुऱ्हाडीनें फोडून मोहोळ काढतो. आमच्या मतें नवशिक्यास हे दोन्ही मार्ग अहिताचे आहेत.

रत्नागिरी तालुक्यांतील पालीसारख्या गांवीं आंबा, काजू, नारळ व जांभूळ यांचा फुलोरा असतो. जांभ्या दगडाच्या कपारी व जुन्या झाडांच्या ढोल्याही असतात. आपली सातेरी माशी अशाच अंधाऱ्या पोकळींत एकाशेजारीं एक पोळीं बांधते, म्हणून ती पेटींत नांदते. आग्या व फुलोरी या उघड्यावर एकच पोळें बांधतात. त्या पेटींत राहत नाहींत. तेव्हां बोलवावयाची ती सातेरीच.

फुलोऱ्याच्या दिवसांत वसाहत भरली म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्यांसह बाहेर पडते व तो थवा जवळच्या फांदीवर घोस करून बसतो. तेथून शोधक माश्या नवी जागा पाहून येतात आणि नाचून तिची दिशा सांगतात, हें लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञानें १९५५ सालीं दाखविलें. ती जागा आपण अगोदर मांडून ठेवावी, एवढेंच आपलें काम. काश्मिरांत घराच्या भिंतींतच माश्यांसाठीं कोनाडे ठेवण्याची चाल जुनी आहे.

पेटी जुन्या, वास गेलेल्या लांकडाची असावी. आंतून रंग देऊं नये. चौकटींस मेणाची पट्टी लावावी व आंतील फळ्यांस सातेरीचेंच मेण चोळावें. दार बोट जेमतेम शिरेल एवढें ठेवावें. पेटी सावलींत, कोरड्या जागीं, डोक्याहून उंच बांधावी व मुंग्यांचा बंदोबस्त करावा. थवा आंत शिरल्यावर लगेच उघडून पाहूं नये. माश्या पायांस पराग घेऊन आंत जाऊं लागल्या म्हणजे त्या स्थिरावल्या असें समजावें. पावसाळ्यांत मकरंदाची टंचाई पडते. त्या वेळीं साखरेचा पाक न दिल्यास सातेरी पेटी सोडून जाते. पहिल्या वर्षीं मधाचा लोभ नको.

थवा येईलच याचा भरवसा काय, असें कोणी विचारील. भरवसा नाहीं, हें खरें. म्हणून तीन-चार पेट्या निरनिराळ्या जागीं ठेवाव्या. परंतु दुरून आणलेल्या वसाहतीबरोबर रोगही येऊं शकतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगानें दक्षिण भारतांत सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या. आपल्या रानांत टिकलेली माशी निदान येथील पावसास व फुलोऱ्यास सरावलेली असते.

ज्यांस शिक्षण हवें त्यांनीं महाबळेश्वर गांठावें. तेथें १९४६ सालापासून मधमाशीपालनाचें कार्य चालू असून मध संचालनालयांत प्रशिक्षण मिळतें. त्याच तालुक्यांतील मांघर हें २०२२ सालीं देशांतील पहिलें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें.

दोन हंगाम पेटी रिकामीच राहिली, तर दोष पेटीचाच असेल असें नव्हे. ढोलीचें झाड सरपणास तोडलें आणि फुललेल्या मोहरावर भर दिवसां विषारी औषध फवारलें, तर थवा यावा कोठून? बांधावरील ढोलीचें एक झाड राखणें, फुललेल्या मोहरावर फवारणी टाळणें व अगदींच निरुपाय झाल्यास ती दिवस मावळल्यावर करणें, हेंच या धंद्याचें पहिलें भांडवल होय. पेटीचा खर्च त्यानंतरचा.