विस्तवावांचून पक्वान्न : फळें आणि फेटलेलें क्रीम

एकत्र कुटुंबांत एखादें नवें पक्वान्न रूढ करावयाचें, तर तें केवळ रुचकर असून भागत नाहीं. घरांतील वडील माणसांच्या पथ्यांत, आचारांत व उपासतापासांत तें बसलें पाहिजे; मुलांस तें आपलें वाटलें पाहिजे; आणि तें सिद्ध करतांना घरच्या सुनेचा सारा दिवस चुलीपाशीं जातां कामा नये. वाढदिवसाच्या केकचेंच उदाहरण घ्या. मुलांस केक हवा असतो. पण पुष्कळ घरांत अंडें वर्ज्य. बिनअंड्याचा केक आणला, तरी त्या दिवशीं एकादशी किंवा संकष्टी असल्यास मैद्याचा तो पदार्थ आजीच्या उपयोगाचा नाहीं. ज्या नातवाला ती औक्षण करिते, त्याच्याच वाढदिवसाचें गोड तिला तोंडांत घालतां येत नाहीं! गोष्ट लहान दिसते खरी. परंतु एका घरांत दोन पंक्ति पडतात, त्या अशाच लहान लहान गोष्टींनीं पडतात. म्हणून ह्या खेपेस आम्ही असें एक पक्वान्न देत आहों कीं, ज्यास अंडें नको, भट्टी नको, विस्तवही नको, आणि जें थोड्या फेरफारानें उपासाच्या पानांतही वाढतां येईल.

क्रीम फेटून त्याचा फेस करण्याची कला जुनी आहे. युरोपांत सोळाव्या शतकांत ती 'दुधाचें हिम' ह्या नांवानें ठाऊक होती. इटलीचा बल्लवाचार्य बार्तोलोमेओ स्काप्पी याच्या १५७० सालच्या पाकग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. त्या काळीं दूध थंड जागीं बराच वेळ ठेवून वर तरंगून येईल तेवढेंच क्रीम हातीं लागे, व तें काड्यांच्या जुडीनें फेटीत बसावें लागे. १८७८ सालीं स्वीडनमधील गुस्ताफ द लावाल यानें दुधांतील क्रीम गरगर फिरवून वेगळें काढणारें यंत्र तयार केलें, आणि श्रीमंतांच्या मेजवानींतील हा पदार्थ सामान्य गृहस्थाच्या घरीं आला. इंग्लंडांत चेचलेलें फळ क्रीममध्यें कालवून जो पदार्थ करतात, त्यास 'फूल' म्हणतात. इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ मूर्ख असाही होतो. पण चारशें वर्षें लोकांच्या जिभेवर टिकून राहिलेल्या पदार्थास मूर्ख कोण म्हणेल? आपलें शिकरण आणि आम्रखंड हीं त्याचीं लांबचीं भावंडेंच होत.

आतां मुख्य जिन्नसाकडे वळूं. घरच्या तापविलेल्या दुधावरची साय आणि क्रीम हीं एक नव्हेत. सायींत स्निग्धांशाबरोबर उष्णतेनें गोठलेलीं दुधांतील प्रथिनेंही असतात. त्यामुळें ती फेटतांना तुकडे राहतात आणि लोणी लवकर निघूं लागतें. क्रीम हा दुधांतून यंत्रानें वेगळा काढलेला नुसता दाट, स्निग्ध भाग. तो विकत घेतांना डब्यावरील अक्षरें नीट वाचावीं. 'फ्रेश क्रीम' म्हणून सर्रास मिळणाऱ्या डब्यांत पुष्कळदां शेंकडा २५ इतकाच स्निग्धांश असतो. तें भाजीच्या रश्शांत उत्तम. पण कितीही फेटलें तरी त्याचा फेस उभा राहत नाहीं. आपल्याला शेंकडा ३५ च्या आसपास दुधाचा स्निग्धांश असलेलें 'व्हिपिंग क्रीम' हवें.

येथें एक सावधगिरीची सूचना. त्याच कपाटांत, तसल्याच खोक्यांत, 'व्हिप टॉपिंग' नांवाचा एक जिन्नस ठेवलेला असतो. तो स्वस्त असतो, उन्हाळ्यांतही तासन्‌तास ताठ उभा राहतो, आणि केकवाल्यांचा तो आवडता आहे. परंतु पुष्कळदां तो वनस्पति तेलांपासून बनविलेला असतो. दुधाच्या स्निग्धांशाचा त्यांत लेशही नसतो. तेलांतील अपायकारक 'ट्रान्स' स्निग्धांशावर सरकारनें जानेवारी २०२२ पासून शेंकडा २ ही मर्यादा घातली आहे, ही समाधानाची गोष्ट. तरीही क्रीम समजून मुलांच्या वाटींत तेलाचा फेस वाढणें कोणाही गृहिणीस रुचणार नाहीं. जिलेटिनविषयींही तेंच. तें जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढतात. तयार पुडींत तें असल्यास चौकटींतील हिरव्या ठिपक्याऐवजीं तपकिरी त्रिकोण दिसेल. शाकाहारी कुटुंबानें तो पाहिल्यावांचून पुडी पिशवींत टाकूं नये.

क्रीम फेटतांना काय घडतें, हें एकदां समजलें म्हणजे कृति बिघडत नाहीं. ज्या घरांत ताक घुसळलें जातें, त्या घरांतील भगिनींस हें नवीन नाहीं. क्रीममध्यें स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. फेटतांना हवा आंत शिरते. थेंबांवरचीं आवरणें फाटतात. आणि ते एकमेकांस चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं जणू भिंत बांधतात. क्रीम थंड असेल, तर थेंबांतील कांहीं भाग घट्ट असतो व भिंत टिकते. कोमट असेल, तर सारें पातळ होऊन भिंत ढांसळते. आणि हात थांबविला नाहीं, तर थेंब आणखी आणखी चिकटून हवा बाहेर पडते व लोणी होतें. म्हणजे फेटलेलें क्रीम हें वाटेंत थांबविलेलें लोणी होय! कोठें थांबावें, एवढेंच ह्यांतील कौशल्य.

साहित्य (आठ ते दहा माणसांस) : शेंकडा ३५ स्निग्धांशाचें क्रीम ४०० मिलिलिटर; गोडसर दह्याचा घट्ट चक्का २०० ग्रॅम; पिकलेल्या स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम; घरीं दळलेली पिठीसाखर ६० ते ८० ग्रॅम; स्ट्रॉबेरींवर घालण्यास साधी साखर दोन मोठे चमचे; वेलदोड्याची पूड पाव चमचा; राजगिऱ्याचे लाडू चार किंवा साधीं बिस्किटें १५० ग्रॅम. साखर घरीं दळावी असें म्हणण्याचें कारण, बाजारच्या आयसिंग शुगरमध्यें बहुधा मक्याचा स्टार्च घातलेला असतो. उपासाला तो चालणार नाहीं.

कृति : आदल्या रात्रीं दहीं स्वच्छ फडक्यांत बांधून टांगावें, व उकाडा असल्यास गाळणींत ठेवून शीतकपाटांतच निथळूं द्यावें. क्रीमही रात्रभर शीतकपाटांत असावें. फेटण्यापूर्वीं स्टीलचें खोल पातेलें व फेटणी पंधरा-वीस मिनिटें बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी. परातींत बर्फाचे खडे व मूठभर मीठ घालून तींत पातेलें बसविलें, तर मे महिन्यांतही काम बिघडत नाहीं. मात्र खारट पाण्याचा थेंब पातेल्यांत उडूं देऊं नये.

स्ट्रॉबेरी देंठासकट धुवाव्या, फडक्यावर कोरड्या कराव्या, आणि मग देंठ काढून चिराव्या. देंठ आधीं काढल्यास फळांत पाणी शिरून तें फिकें होतें. फोडींवर साधी साखर भुरभुरवून अर्धा तास ठेवावें. लालभडक रस सुटतो. फोडी गाळणींत निथळून रस वेगळा ठेवावा, टाकूं नये.

क्रीम पातेल्यांत ओतून प्रथम मंद गतीनें, मग मध्यम गतीनें फेटावें. विजेची फेटणी असल्यास काम मिनिटांचें; हातफेटणीनें घरांतील दोघां-तिघांनीं पाळीपाळीनें करावें. आरंभीं मोठे बुडबुडे दिसतात, मग ते बारीक होतात, पुढें फेटणीच्या रेघा पृष्ठभागावर उमटून राहतात. ह्या वेळीं पिठीसाखर व वेलदोड्याची पूड घालावी, आधीं नव्हे. आणखी थोडें फेटून फेटणी उचलून पाहावी. क्रीमचा शेंडा उभा राहून टोंक किंचित् कलतें झालें कीं तात्काळ थांबावें. आकार सुमारें दुप्पट झालेला असेल. त्यापुढें गेल्यास पोत रवाळ व पिंवळसर होतो. साखर घालण्यापूर्वींच तसें झालें, तर वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. आणखी घुसळून लोणी काढावें व त्याचें तूप कढवावें. साखर पडली असेल, तर तें गोड लोणी मुलें पोळीला लावून मिटक्या मारीत खातील.

आतां चक्का पुरणयंत्रांतून किंवा चाळणींतून काढून मऊ करावा, आणि त्यांत फेटलेलें क्रीम तीन वेळां थोडें थोडें घालून उलथण्यानें खालून वर अशा रीतीनें हलकेंच कालवावें. घोंटूं नये, नाहींतर आंतली हवा निघून जाईल. चक्क्याची ही योजना आम्ही हेतुतः केली आहे. परदेशी कृतींत क्रीम उभें राहावें म्हणून जिलेटिन घालतात. तेंच काम आपल्या घरचा चक्का निमूटपणें करतो, आणि त्याच्या किंचित् आंबटपणानें क्रीमचा ओशटपणाही मोडतो.

कांचेच्या वाट्यांत किंवा एका मोठ्या भांड्यांत तळाशीं राजगिऱ्याच्या लाडवांचा अगर बिस्किटांचा चुरा पसरावा, त्यावर वेगळा ठेवलेला रस शिंपडावा, वर क्रीमचा थर, मग फोडी, पुन्हां क्रीम, आणि शेवटीं चार फोडी शोभेस. झांकून तीन-चार तास गार करावें. हा पदार्थ त्याच दिवशीं संपवावा, आणि उन्हाळ्यांत शीतकपाटाबाहेर तासाभराहून अधिक ठेवूं नये. पंक्ति उशिरां बसणार असेल, तर वाढण्याच्या वेळींच बाहेर काढावा.

स्ट्रॉबेरी आम्हीं आरंभीं घेतली, तिचें कारण आपल्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. हें फळ मूळचें आपलें नव्हे. आजची मोठी जात अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें दोन अमेरिकन जातींच्या संकरांतून निपजली. पण महाबळेश्वर-पांचगणीच्या थंड हवेंत व तांबड्या मातींत तिनें असें घर केलें कीं, २०१० सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. पौषापासून फाल्गुनापर्यंत ती भरपूर येते.

पुढें चैत्र-वैशाखांत हापूस. त्याचा घट्ट रस, त्यांत पाणी मुळींच न घालतां, क्रीममध्यें अर्धवट कालवावा. पांढऱ्यांत केशरी रेघा दिसल्या पाहिजेत. साखर निम्मी पुरे. शरदांत सीताफळ, त्याचा गर हातानेंच सोडवावा, मिक्सर लावूं नये, कारण भरडलेल्या बिया खाण्याजोग्या नव्हेत. द्राक्षें बिनबियांचीं घेऊन अर्धीं चिरावीं. केळीं अगदीं वाढतांना घालावीं, नाहींतर काळीं पडतात. अननस, पपई व किवी हीं मात्र कच्चीं घालूं नयेत. त्यांत प्रथिनें तोडणारीं द्रव्यें असतात. त्यांमुळें दूध-क्रीम कडू व पातळ होतें. अननसाच्या फोडी साखरेबरोबर पांच-सात मिनिटें शिजवून गार केल्या, म्हणजे तो दोष जातो. पण मग आमच्या मथळ्यांतील 'विस्तवावांचून' हा शब्द तेवढ्यापुरता मागें घ्यावा लागेल!

येथें घरांतील वडील मंडळी एक रास्त शंका काढतील. दूध आणि आंबट फळें एकत्र खाणें हा आयुर्वेदानें विरुद्धाहार मानिला आहे, त्याचें काय? आधुनिक शास्त्र म्हणतें कीं, दूध पोटांत गेल्यावर तेथील आम्लानें नासतेंच. निरोगी माणसास वाटीभर फळ-क्रीमनें भय नाहीं. परंतु ज्यांनीं जन्मभर एक नियम पाळला, त्यांच्याशीं जेवणाच्या पाटावर वाद घालून कोणाचेंच पोट भरत नाहीं. त्यांच्यासाठीं गोड पिकलेला हापूस किंवा सीताफळ निवडावें. दूध आणि आमरस तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पदार्थ एकच, फळ तेवढें निराळें. मग कोणाचें पान वेगळें पडत नाहीं.

प्रमाणाविषयींही दोन शब्द. वरील क्रीममध्यें सुमारें १४० ग्रॅम स्निग्धांश आहे. दहा जणांत वाटल्यास प्रत्येकाच्या वांट्यास १४ ग्रॅम, म्हणजे सुमारें तीन लहान चमचे तुपाइतका येतो. सणासुदीस एक वाटी ठीक. दुसरी वाटी आग्रहानें वाढूं नये. घरांत कोणास मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास त्यांच्या वैद्याचा शब्द अखेरचा मानावा, व त्यांच्यासाठीं नुसतीं ताजीं फळें आणि चमचाभर चक्का आधींच बाजूस काढून ठेवावा. त्यांना रिकाम्या हातानें बसवून इतरांनीं वाट्या पुढें ओढाव्या, हें बरें दिसत नाहीं.

उपासासाठीं करतांना बिस्किटांचा थर गाळून राजगिरा घ्यावा. आणि ज्यांचा उपास कडक असेल, त्यांनीं क्रीमच्या डब्यावरील घटकही एकदां वाचावेत. एवढें सांभाळलें म्हणजे हें पक्वान्न घरांतील बहुतेकांस चालतें. करावयासही तें एकट्या गृहिणीच्या गळ्यांत पडत नाहीं : मुलांनीं फळें निवडावीं, पुरुषांनीं फेटणी हातीं घ्यावी, आजीनें वेलदोडे कुटावे, आणि सुनेनें, एखाद्या दिवशीं तरी, सगळ्यांबरोबर पहिल्याच पंक्तीस बसावें. विस्तव न पेटविण्याचा खरा लाभ आम्ही हाच समजतों.