मराठी बोलले म्हणून दंड? कशाच्या आधारावर?

पालकहो, शिक्षकहो,

‘आवारात फक्त इंग्रजीत बोला’ अशी पाटी, आणि तोंडातून मराठी शब्द निघाला की दंड! हा प्रकार कित्येक शाळांत राजरोस चालतो. आपण मुकाट्याने पैसे भरतो, वर पोरालाच दटावतो. इंग्रजी सुधारावे म्हणून!

ही समजूत आली कुठून? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी-शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, लवकरात लवकर सुरू करावे, इतर भाषा वर्गात आल्या की ते बिघडते, असली सूत्रे तिथून जगभर गेली. १९९२ साली रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने ती एकेक करून भ्रामक ठरवली. पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन-आकलन दुसऱ्या भाषेत कामी येते, हे कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले. आपल्याकडच्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांची बहुभाषिकता ही वर्गातली साधनसामग्री मानली. शास्त्र पुढे गेले, पाटी मात्र भिंतीवरच राहिली.

आता फळ्याजवळ या. पाचवीतली मुलगी लिहिते, ‘आय ॲम टू सिस्टर्स.’ बाई लाल फुली मारतात, ती पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिते. कारण तिच्या डोक्यात ‘मला दोन बहिणी आहेत’ हे वाक्य आहे आणि त्यातल्या ‘आहेत’चे तिने इमानेइतबारे ‘ॲम’ केले आहे. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहा. आपण ‘मला’ म्हणून ‘आहेत’ म्हणतो, इंग्रज ‘आय’ म्हणून ‘हॅव’ म्हणतो, हे मराठीतच समजावा. पाच मिनिटांचे काम. पण ज्या वर्गात मराठीलाच मज्जाव, तिथे ही पाच मिनिटे आणायची कुठून? मग पाठांतर चालते. पोर धडा घडाघडा वाचते आणि धड्यात काय घडले ते विचारले की गप्प बसते.

मराठीचा झेंडा मिरवणाऱ्यांनीही जरा आरशात पाहावे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठीसुद्धा शाळेतच भेटते. खानदेशातल्या पोराने अहिराणीत उत्तर दिले की ‘शुद्ध बोल’ म्हणून खेकसणारे गुरुजी आपलेच ना? इंग्रजीवाल्यांनी केले तर अन्याय आणि आपण केले तर संस्कार, हे चालणार नाही.

इंग्रजी आम्हालाही हवे आहे, आणि नुसते पोपटपंचीचे नको, कामाचे हवे आहे. मातृभाषेच्या बाजूने कायदाही आहे: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हणते. तेव्हा येत्या पालकसभेत उभे राहा. दंडाचा नियम कोणी, कशाच्या आधारे केला ते लेखी मागा. तो रद्द होईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

— काही पालक व शिक्षक