कागदालाही वाफसा लागतो



भाताची लावणी उरकली की आम्हा शेतीखात्यातल्या माणसांनाही एखादा रविवार मोकळा सापडतो. तशा एका रविवारी डोंबिवलीहून लोकल धरली आणि ठाण्याला कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात जलरंगांच्या चित्रांचं एक लहानसं प्रदर्शन पाहून आलो. "साहेब, भात सोडून हे काय?" असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

चित्रं मोठी गमतीची होती. एकात बगळा म्हशीच्या पाठीवर छत्री धरून उभा. दुसऱ्यात लोकलच्या दाराला दुधी आणि पडवळं लोंबकळताहेत, आत बाकांवर म्हशी बसल्यात आणि स्टेशन आलं म्हणून एक म्हैस उठतेय. ती मागचे पाय आधी उचलून उठत होती! गाय-म्हैस अशीच उठते, घोडा पुढचे पाय आधी टाकतो. म्हणजे चित्र काढणाऱ्यानं गोठ्यात बसून नीट पाहिलेलं होतं. गंमत मनची, पण म्हैस खरी.

चित्रं काढणाऱ्या बाई तिथंच होत्या. माहेर मुरबाडकडचं निघालं. त्या म्हणाल्या, "कागद ओला करायचा आणि थांबायचं. फार ओला असताना रंग टाकला तर वाहून जातो. पार वाळल्यावर टाकला तर कडा उमटते."

मी म्हटलं, "म्हणजे वाफसा!"

"हो साहेब, वाफसाच," म्हणून त्या हसल्या.

भातानंतर वाल पेरताना आपण जो पाहतो, तोच. बगळ्यालाही त्यांनी पांढरा रंग लावला नव्हता. तेवढा कागद कोराच सोडला होता. कुठं काय ठेवायचं ते आधी ठरवावं लागतं. मागाहून दुरुस्ती फारशी होत नाही.

आता मनातली एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मुलीनं आमच्या खात्याच्या घडीपत्रिकेमागं चित्र काढलं होतं. बैल चष्मा लावून तीच घडीपत्रिका वाचतोय! बाप रागावला. आणि मीही त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणालो, "चित्रांनी पोट भरतं का, बाळ?" पोरीनं कागद उचलला आणि चुलीत टाकला. पुढं त्या घरी दोनदा गेलो, पण कुठं रेघ दिसली नाही. ते नुकसान माझ्या हातून झालं.

शि. द. फडणीसांची हसरी चित्रं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. शब्द एकही नाही, तरी आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतात. त्यांचा जन्म १९२५ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही त्यांची चित्रं होती. गावाकडच्या पोराच्या हाताला वळण मिळालं तर ते कुठवर जातं, पाहा.

तेव्हा घरात पोर रेघोट्या मारत असेल तर रागावू नका. एक वही आणि साधी रंगपेटी द्या. शाळेत चित्रकलेच्या गुरुजींना शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांविषयी विचारा. त्यांतल्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. आणि पोराला विचारा, "तुझी म्हैस आधी कोणते पाय उचलते?" ते गोठ्यात जाऊन पाहील. पाहायला शिकलेलं पोर पिकावरची कीडही आधी ओळखतं.

पुढच्या फेरीला मी त्या शहापूरच्या घरी रंगपेटी घेऊन जाणार आहे. मुलगी आता मोठी झाली असेल. वाफसा निघून गेल्यावर पेरलेलं उगवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी नेणार आहे. तुमच्या घरी अजून ओल असेल, तर उशीर करू नका.

पुढच्या अंकात भातावरच्या तुडतुड्यांविषयी बोलू.