स्मार्ट टीव्हीआधी डोळ्यांचा तक्ता

शाळा सुरू झाल्या. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच वर्गांत आता स्मार्ट टीव्ही आहे, चांगलेच झाले. पण मागच्या रांगेतल्या मुलाला त्यावरची अक्षरे दिसतात का, हे कोणी पाहिले? हातातले पुस्तक त्याला वाचता येते. दूरचे धूसरच दिसत आले असेल, तर सगळ्यांना तसेच दिसते असे तो समजतो. आपण 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो.

डच नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांचा १८६२ मधला तक्ता आजही पुरतो. अक्षरओळख नसेल तर 'ई'चा तक्ता घ्यावा. तिचे पाय कोणत्या दिशेला, ते मूल हाताने दाखवते. भरपूर उजेड, अंतर सहा मीटर, एकेक डोळा तळहाताने न दाबता झाकलेला. ६/९ ची ओळ चुकली, की सरकारी रुग्णालयात पाठवा. गरजू विद्यार्थ्यांना चष्मा अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. ते हिवाळ्यात आले, तर बीडमधले ऊसतोड कामगाराचे मूल आईबापांबरोबर फडात असते. म्हणून गुरुजींनी ही तपासणी जूनमध्येच उरकावी. चष्मा हाती यायला वेळ लागतो. दिवाळीच्या सुमारास टोळी निघण्याआधी तो नाकावर बसलेला असावा.