पाकिटावरचा ३१९



फरसाण, वेफर्स, बिस्किटे, झटपट नूडल्स आता वस्तीतल्या टपरीवरही पाच-दहा रुपयांत मिळतात. दिवसभर राबून येणाऱ्या बाईला त्यांचा आधार वाटतो. त्यावर ‘बायांना कंटाळा, म्हणून मुले पाकिटातले खातात’ असा शेरा मारणे सोपे असते. पण त्या पाकिटात काय आहे, हे तिला कोणी सांगितले आहे का?

तेल-तूप हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होते. ते टाळण्यासाठी कारखान्यात टीबीएचक्यू, बीएचए, बीएचटी अशी कृत्रिम रसायने घालतात. पाकिटावर बहुधा ‘अँटिऑक्सिडंट’ आणि ३१९, ३२० किंवा ३२१ एवढा आकडाच असतो. नियमांत अँटिऑक्सिडंट आणि प्रिझर्व्हेटिव्ह हे वेगळे वर्ग आहेत. त्यामुळे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत’ असे ठळक छापलेल्या पाकिटातही ३१९ असू शकतो.

हे विष आहे का? उगाच घाबरवायचे नाही, पण हिशेब मांडू. मोठ्या मात्रेत बीएचए दिलेल्या उंदरांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी झाल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले. मात्र तो कप्पा माणसाला नसतो. टीबीएचक्यूची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १०.५ मिलिग्रॅम. एक किलो तेलात २०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. ५० ग्रॅमच्या पाकिटात १७ ग्रॅम तेल धरले, तर जास्तीत जास्त साडेतीन मिलिग्रॅम होते. एखाद्या पाकिटाने बिघडत नाही, पण रोज तीन खाणारे मूल मर्यादेला टेकू शकते. शिवाय पोटात मीठ-तेल जाते आणि भाकरी-डाळीची भूक मरते, ते वेगळेच.

२०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे, मराठीची सक्ती नाही. बहुतेक कंपन्या इंग्रजीवरच भागवतात. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : रसायनाचे नाव मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक रिकामे पाकीट आणावे आणि सर्वांनी मिळून वाचावे. चिवडा-चकली विकणाऱ्या बचत गटांनी आपल्या तेलाचा डबाही तपासावा. आणि हे वाचन आईच्याच माथी नको, घरातल्या पुरुषांनाही पाकीट हातात घेऊ द्या.

– संपादक