सातबाऱ्यावर आपलं नाव कुठंय?

लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले, तेव्हा माहेरच्या मैत्रिणी पत्ता विचारायच्या. ‘पिंपरी’ म्हटलं की त्यांना चिंचवडच आठवायचं! मग मी सांगायचे, “कल्याण-नगर रस्त्यानं माळशेज घाट चढून या. ओतूर मागं टाकलं की आळेफाट्याच्या अलीकडं आमचं गाव.”

माळशेजला पाऊस नुसता कोसळतो आणि पूर्वेकडं सरकावं तसा कमी होत जातो. आमचा पट्टा मधला. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या काळी बाजरी पिकली तरी वर्ष निघायचं. पुढं कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालव्याचं पाणी फिरलं आणि तालुक्याचं रूप पालटलं. ऊस आला, कांदा आला, टोमॅटो आला. उसाच्या आडोशानं बिबट्याही आला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण वाकून खुरपणाऱ्या बाईला निवारा कुठला? तिचा जीव सारखा टांगणीला.

कांद्याची रोपं लावणं, खुरपणं, काढणी, टोमॅटोची तोडणी ही सगळी कामं बहुतेक बायांचीच. माल मात्र बाजारात गेला की पट्टी ‘त्यांच्या’ नावावर होते. कारण सातबारा त्यांचा!

मागं आमच्या बचत गटाच्या मीटिंगला मी सगळ्यांना घरचा सातबारा आणायला सांगितला. एक जण म्हणाली, “ताई, तो ह्यांच्या कपाटात असतो. मला काय करायचाय?” शेवटी आणले सगळ्यांनी. बारा जणींत दोघींचीच नावं निघाली, आणि त्या दोघीही विधवा. म्हणजे बाईचं नाव जमिनीला लागायला नवरा जावा लागतो की काय? त्या दिवशी चहा तसाच निवला.

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणला जायचा. तिथल्या लेण्यातला ब्राह्मी लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जातो. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, नाणी, सगळा हिशेब त्यात कोरलेला. तिथं राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही होते. ते मोडले, पण वर कोरलेली नावं राहिली. त्यात नागनिकेचंही नाव आहे. त्याच घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी आईच्या नावानं ओळखला गेला. आता १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्रानं घेतला. चांगलंच झालं. पण बाळाच्या दाखल्यावर आलेली आई सातबाऱ्यावर कधी येणार?

कायदा आपल्या बाजूनं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४मध्ये दिला, देशभरात तो २००५मध्ये आला. २००५ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. आणि नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्यासाठी १९९२पासूनची लक्ष्मीमुक्ती योजना आहे.

हे सगळं शिकवणाऱ्या मी काय केलं, तेही सांगते. वडील गेल्यावर एका साडीवर मी हक्कसोडपत्रावर सही करून आले. ‘भावाशी वाईटपणा नको,’ एवढंच मनात होतं. भाऊ माझा चांगलाच आहे, पण मला कुणी विचारलंही नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. माहेरी मी परक्याचं धन, सासरी बाहेरून आलेली. मग माझी जमीन कुठली?

काही जणी म्हणतात, “नाव लावायचं काढलं की घर फुटतं.” मला विचाराल तर घर नावानं फुटत नाही, अविश्वासानं फुटतं. पीककर्ज असो, अनुदान असो, पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच होतो. उद्या अडीअडचणीला बाईनं कुठला कागद दाखवायचा?

आमच्या घरी मी हा विषय काढला. चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी हे म्हणाले, “चल, तलाठ्याकडं जाऊन येऊ.” अर्ज दिलाय. नोंद व्हायची आहे.

मैत्रिणींनो, भांडू नका, पण गप्पही बसू नका. आज कपाटातला सातबारा मागून घ्या आणि नीट वाचा. माहेरी हक्कसोडीचा कागद पुढं आला, तर घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नका. नागनिकेचं नाव दगडावर दोन हजार वर्षं टिकलं. आपलं निदान कागदावर तरी येऊ दे!